बनालीतला शिरीष

"मिलिंद, बसलायस का कुठे? नसशील तर आधी बस."

शिरीषच्या बायकोचा, अपर्णाचा फोन आला तेव्हा मी लुआसमध्ये उभा होतो. माझं ऑफिस सँडीफोर्डला, घर ॲडम्सटाउनला; रोज सकाळी आधी ट्रेन, मग ही ट्राम, आणि दोन्हींत बसायला जागा मिळाली तर तो दिवस सणाचा. मी म्हटलं, हो, बसलोय, बोल. मग तिने अगदी सावकाश सांगितलं, जणू मलाच काही झालं होतं. शिरीष पहाटेच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला. गेटपाशी खाली बसला. पुन्हा उठला नाही. ॲम्ब्युलन्सने त्याला त्याच्याच हॉस्पिटलात नेलं, त्याच्याच बरोबर काम करणारे डॉक्टर कितीतरी वेळ प्रयत्न करत राहिले... "शेवटी त्यांना मीच थांबा म्हटलं," अपर्णा म्हणाली. पुढच्या स्टॉपवर मी उतरलो. तो माझा स्टॉप नव्हता. बाकावर बसलो आणि वेड्यासारखा विचार करत राहिलो, की या माणसाचं ब्लडप्रेशर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

शिरीष आणि मी नागपूरचे, एका गल्लीतले, एका शाळेतले. तो मेडिकलला गेला, मी इंजिनिअरिंगला, आणि पुढे दोघंही आयर्लंडमध्ये येऊन पडलो. तो गॉलवेच्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर झाला आणि मी डब्लिनजवळ संगणकापुढे म्हातारा होत राहिलो. मधे अडीच-तीन तासांचा रस्ता. महिन्यातून एकदा तरी आम्ही एकमेकांकडे जायचो, आणि दार उघडताच तो म्हणायचा, "का बे, अजून जिवंत आहे का?" नागपूर सुटून वीस वर्षं झाली तरी त्याचं ते 'बे' सुटलं नाही. ज्याने हा प्रश्न विचारायचा तोच आधी गेला, याचा मला अजूनही राग येतो. कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून लिहितोय.

गॉलवेच्या त्या घरात पुढचे चार दिवस माणसं येत राहिली. शेजारी सँडविचेस आणि ॲपल टार्ट घेऊन आले, न सांगता स्वयंपाकघराचा ताबा घेतला, कपबश्या विसळल्या. त्याचे जुने पेशंट आले, काठ्या टेकत, ठेवणीतले कोट घालून. प्रत्येक जण अपर्णाचा हात हातात घ्यायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" एवढंच म्हणायचा, आणि बाजूला व्हायचा. इथली ती रीतच आहे. चौथ्या दिवशी अपर्णा मला म्हणाली, "आपल्याकडे काय म्हणतात रे अशा वेळी? एक वाक्य?" मी आठवून पाहिलं. आपल्याकडे असं वाक्य नाही. आपण नुसते जाऊन बसतो. तिने मान हलवली आणि पुढच्या माणसापुढे हात केला.

दहन झालं, आणि अस्थी एका हिरवट डब्यात घरी आल्या. अस्थी घरात आणायच्या नसतात, बाहेर झाडाला बांधून ठेवायच्या असतात, एवढं मलाही माहीत होतं. पण गॉलवेचा फेब्रुवारी, अंगणात एक झाड, तेही गुडघ्याएवढं, आणि आडवा पाऊस. अपर्णाने तो डबा उचलला आणि हॉट प्रेसमध्ये ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात; हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतालचं कपाट, घरातली सर्वांत उबदार जागा, जिथे टॉवेल वाळतात. "त्याला थंडी सोसत नाही," ती म्हणाली. कितीतरी आठवडे शिरीष तिथे टॉवेलांमध्ये होता. त्याची सोळा वर्षांची मुलगी इरा शाळेत जाताना ते दार उघडून "बाय, बाबा" म्हणायची आणि बंद करायची. घरातल्या माणसासारखंच ते झालं होतं.

आता त्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं.

शिरीषची इंटर्नशिप संपली आणि मी पहिली नोकरी रागाने सोडली, त्या सुमारास आम्ही दोघं पाठीवर सॅक टाकून हिमाचलात गेलो होतो. सॅक उसन्या, बूट नवे, अक्कल बेताची. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. बस जाईल तिथे जायचं असा बाणा होता. बस एका खोऱ्यात शिरली आणि मधेच थांबली. पुढचा रस्ता पावसाने नदीत नेला होता. कंडक्टर म्हणाला, इथून पुढे पायी जा नाहीतर याच बसने परत चला. मी परतायच्या बाजूचा होतो, हे सांगायला नको. तेवढ्यात पाठीवर वेताची उभी टोपली घेतलेली एक बाई आमच्या शेजारून पुढे निघाली, आणि जाता जाता तिने आमचे बूट पाहिले. शिरीषने विचारलं, "दीदी, आगे क्या है?" ती म्हणाली, "आगे मेरा घर है।" आणि हा तिच्या मागे चालायला लागला.

ती सत्या. तिचा नवरा मेहरचंद. गाव बनाली, पंधरा-वीस घरं, लाकडाची आणि दगडाची, आणि खालून नदी. साधीसुधी नव्हे. वरच्या बर्फातून थेट उतरणारी, हिरवी-पांढरी, दगडांवर आपटत जाणारी, आणि दिवसरात्र असा घोष की शेजारी बसलेल्यालाही ओरडून सांगावं लागतं, मीठ दे. त्या गावात सगळेच ओरडून बोलतात. मला वाटलं, भांडताहेत. शिरीष मात्र पहिल्याच सकाळी नदीकाठच्या खडकावर जाऊन बसला, पाण्यात पाय सोडले, आणि मला म्हणाला, म्हणजे ओरडला, "मिल्या, इथं डोक्यातलं काहीच ऐकू येत नाही बे!" मला थंडी ऐकू येत होती. संडास घराबाहेर उतारावर, अंघोळ नावालाच, गुडघ्यांची वाट लागलेली. डोंगर मला लांबून आवडतात. मी पुन्हा कधी बनालीला गेलो नाही.

तो मात्र जातच राहिला. आयर्लंडला आला, लग्न झालं, इरा झाली, तरी दर वर्षी पावसाळा सरला की दोन आठवडे बनाली, एकटाच, तीच सॅक घेऊन. अपर्णाने पहिली काही वर्षं वाद घातला, मग "जा बाबा" म्हणायला लागली. परतला की पुढचे पंधरा दिवस त्याचा आवाज चढलेला असायचा. वॉर्डातल्या नर्स म्हणायच्या, डॉक्टर नदीवर जाऊन आले वाटतं. आणि बहिऱ्या म्हाताऱ्यांना तेवढे दिवस त्याचं सगळं बोलणं नीट ऐकू जायचं. मी विचारायचो, "दोन आठवडे करतोस काय तिथे?" तो म्हणायचा, "काही नाही बे." फोटो दाखवायचा: नदी, बर्फ, अक्रोडाचं झाड, पुन्हा नदी. एकातही माणूस नाही. इरा लहान होती तेव्हा मागे लागायची, मला ने. पुढच्या वर्षी, तो म्हणायचा. त्या दिवसांत तिची शाळा सुरू असायची हे खरं होतं. पण पुढचं वर्ष काही आलं नाही हेही खरंच.

अस्थींचं काय करायचं हा विषय निघाला तेव्हा इरा डायनिंग टेबलाशी बसली होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिशमध्ये, गॉलवेच्या हेलात; 'बरं, ठीक' म्हणायचं असेल तर इथल्या सगळ्यांसारखं 'ग्रँड' म्हणते. ती म्हणाली, बाबाला बनालीला न्यायचं. आणि मग, कपाकडे बघत, तिने जे सांगितलं ते मी मराठीत लिहितो: "दर वर्षी त्याला सुट्टी मिळायची आणि दर वर्षी तो त्यांना निवडायचा. आम्हाला नाही. मला जाऊन बघायचंय ते कोण आहेत त्याचे. मला ते कळल्याशिवाय मी त्याला कुठेच सोडणार नाही." अपर्णा उठून सिंककडे गेली आणि धुतलेलाच ग्लास धुवायला लागली. हाच प्रश्न तिचाही होता, फक्त तिने तो इतकी वर्षं विचारला नव्हता. शिरीषच्या आईला नागपूरला फोन लावला. मला वाटलं, त्या नाशिक म्हणतील, काशी म्हणतील. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याले जेथं बरं वाटे, तेथं न्या." अपर्णा सासूजवळ नागपुरात राहणार आणि मी इराबरोबर वर जाणार, असं ठरलं. मी मेहरचंदला फोन करत राहिलो, तो खाली पुलावर आला तेव्हा एकदाचा लागला, आणि शिरीष गेल्याचं कळवलं. पलीकडे नुसती नदी ऐकू आली. मग तो म्हणाला, बच्ची को लेके आओ. अस्थींचं मी काही बोललो नाही. असल्या गोष्टी फोनवर कशा सांगायच्या, समोर गेलो की बोलू, असं मनात होतं.

ईस्टरच्या सुट्टीत निघालो. डब्लिनच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने कागद वाचले, डबा दोन्ही हातांनी उचलून इराला परत दिला आणि इथलं ते वाक्य म्हणाला. दिल्ली, मग रात्रभराची बस, मग दुसरी बस, मग जीप. आता रस्ता गावाखालच्या पुलापर्यंत जातो, तरी शेवटचा चढ आहेच, आणि या वयात तो मला पहिल्यापेक्षा दुप्पट वाटला. इरा डबा सॅकमध्ये घालून पुढे चालत होती. कॅमोगी खेळते ती, हॉकीसारखा इथला मुलींचा खेळ, हर्ली नावाच्या काठीने. पाय दणकट आहेत. दर वळणावर थांबून माझ्याकडे बघायची आणि काहीतरी विचारायची, ते मला नदीमुळे ऐकू यायचं नाही. मी अंगठा दाखवायचो.

सत्या अंगणातच उभी होती. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. तिने इराचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला आणि आम्हाला आत नेलं. तिकडे स्वयंपाकघर हीच घराची मुख्य खोली असते. मधोमध लोखंडी शेगडी, तिच्याभोवती सगळे बसतात, जेवतात, थंडीत झोपतातही. आम्ही बसलो. सत्या पीठ मळायला लागली. इराने सॅक उघडली, डबा काढला, आणि शेगडीमागच्या फळीवर, भांड्यांशेजारी, नीट ठेवला. मला ते जराही वावगं वाटलं नाही. घरी तो उबेतच असायचा ना.

"ये क्या है?" सत्याने विचारलं. मी सांगितलं.

तिचे हात पिठात थांबले. मग ती उठली, शेगडीवरचं पातेलं उतरवलं, चिमट्याने जळती लाकडं एकेक करून ओढली, बाहेर नेऊन त्यांच्यावर पाणी ओतलं. खोलीत धूर भरला. इरा माझ्याकडे बघत होती, मी सत्याकडे. ती अंगणाच्या टोकाला जाऊन नवऱ्याला हाका मारत होती. मेहरचंद वरच्या बागेतून आला, उंबऱ्याशी थांबला, आत आला नाही. त्याने डब्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

मग मला एकेक कळत गेलं. तीन दिवसांवर देवतेची जत्रा होती. देवतेची पालखी वर्षातून एकदा गावातून फिरून वरच्या कुरणापर्यंत जाते, आणि तिचा पुढचा उजवा खांदा मेहरचंदचा. त्याच्या आधी त्याच्या वडिलांचा होता. ज्या घराच्या चुलीपर्यंत मरण आलं ते घर पालखीला शिवत नाही, नैवेद्य देत नाही, जत्रेच्या दिवशी अंगणातून बाहेर पडत नाही. आम्ही गॉलवेहून मरण आणून थेट त्यांच्या चुलीमागे मांडलं होतं. मी हात जोडले. म्हटलं, आम्ही आत्ता खाली जातो, पुलाजवळ कुठेतरी राहतो, आम्हाला कळलं नाही. मेहरचंद म्हणाला, "अब तो आ गया न।" तो माझ्याबद्दल बोलत नव्हता. सत्याने आपली शाल आणली, डबा तिच्यात बांधला, आणि बाहेरच्या अक्रोडाच्या फांदीला अडकवला. त्या दिवशी त्या घरात कोणी जेवलं नाही. इरा ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली. "मी सगळं बिघडवलं," ती म्हणाली. मी म्हटलं, आपण दोघांनी. तिला त्याने काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारदार आले. देवतेचा कारभार बघणारे, गावातले सर्वांत वडीलधारे. वाळकी मूर्ती, करड्या लोकरी पट्टूची टोपी, आणि गावातल्या सगळ्यांसारखा खणखणीत आवाज. त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच माणसं. अंगणाच्या कठड्यावर सगळे ओळीने बसले. आम्ही दोघं एका बाजूला. बोलणं त्यांच्या पहाडीत चाललं होतं, पण माझ्यासाठी कारदार मधूनमधून हिंदीत सांगत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. अस्थी पाहुण्याच्या असतील, चुकून आत आल्या असतील, तर घर धुवायचं, देवतेचं पाणी शिंपडायचं, संध्याकाळी चूल पेटवायची. मेहरचंद पालखीला मोकळा. पण माणूस घरचा असेल तर गोष्ट वेगळी. घरच्याच्या अस्थी जोवर वाहत्या पाण्यात जात नाहीत तोवर त्याचं मरण पुरं झालेलं नसतं. मग कितीही आठवडे लोटलेले असोत, सुतक आजपासून, पूर्ण. जत्रा नाही, खांदा नाही. तेव्हा सांगा, हा तुमचा कोण होता?

मला तर सुटल्यासारखं वाटलं. उत्तर उघड होतं, आणि त्याने या भल्या माणसांची जत्रा वाचणार होती. कोणी बोलायच्या आतच मी माझ्या हिंदीत सांगून टाकलं, "जी, मेहमान थे। हर साल आते थे।" इराने झटकन माझ्याकडे पाहिलं. मेहमान शब्द तिला कळला होता. ज्या प्रश्नासाठी ती अर्धं जग ओलांडून आली होती त्याचं उत्तर मी असं देऊन मोकळा झालो, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही.

कारदारांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी मेहरचंदकडे पाहिलं. मेहरचंदने सत्याकडे. सत्या दारात उभी होती, हात पदराला पुसत.

"मेहमान दराटी को हाथ नहीं लगाता," ती म्हणाली.

दराटी म्हणजे विळा. मग ती बोलत राहिली, आणि कारदार मला सांगत राहिले, आणि मी इराला. पावसाळा सरला की बनालीतली सगळी घरं वरच्या उतारांवर गवत कापतात. चार-पाच महिने बर्फ असतं, तेव्हा गुरं त्या गवतावर जगतात. ते वेळेत कापून, वाळवून, वाहून आणलं नाही तर गुरं मरतात. प्रत्येक घराचा आपला उतार, आणि तो त्या घरच्यांनीच कापायचा. पाहुण्याला त्या कामाला लावणं तिथे लाजिरवाणं समजतात. सत्या आणि मेहरचंदला एक मुलगी, ती लग्न होऊन लांब गेलेली. एका वर्षी मेहरचंदचा खांदा उखळला होता आणि सत्या एकटी उतारावर होती, तेव्हा शिरीष न विचारता विळा घेऊन वर गेला. तेव्हापासून दर वर्षी तो गवतालाच यायचा. दोन आठवडे, सकाळपासून अंधारेपर्यंत. हेच त्याचं 'काही नाही बे'.

"अच्छा नहीं काटता था," कारदार म्हणाले. कठड्यावरची माणसं किंचित हसली.

"ठीक काटता था," सत्या म्हणाली. तिचा स्वर असा होता की पुन्हा कोणी हसलं नाही.

 आता मेहरचंद उठला, अंगणातून अक्रोडाखाली गेला, वर बांधलेल्या शालीकडे बघितलं, आणि तिथूनच, त्या नदीच्या आवाजावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "घर का था।"

कारदारांनी मान डोलावली, टोपी सारखी केली आणि उठले. जाताना त्यांनी आमच्यापासून अंग वळवून घेतलं, कारण आता त्या घराला सुतक होतं. मी इराला सांगायला गेलो. तिने हातानेच थांबवलं. कळलं होतं तिला. ती रडली नाही, नदीकडे बघत म्हणाली, "म्हणजे त्याचं अजून एक घर होतं." यात समाधान होतं की दुःख, ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिलाही नसावं.

तिच्या मनातली ही घालमेल सत्याला कळली असणार. भाषा कळत नव्हती, चेहरा कळत होता. ती इराशेजारी येऊन बसली, तिचा डावा पाय धरून आपल्या मांडीवर घेतला आणि घोट्यापाशी दाबून पाहिला. मला म्हणाली, विचारा तिला, आता दुखतो का. इराचा तो पाय दोन वर्षांपूर्वी मॅचमध्ये मोडला होता. इरा चकित. हिला कसं माहीत? सत्या म्हणाली, सगळ्या गावाला माहीत आहे. फोनची रेंज खाली पुलावर मिळते, नाहीतर वर गवताच्या उताराच्या माथ्यावर. दुपार झाली, की तो विळा ठेवून वर चढायचा. तुझी शाळेला निघायची वेळ व्हायची ना तेव्हा. आणि ओरडून बोलायचा. खाली सगळ्या उतारांवर लोक गवत कापता कापता ऐकायचे. शब्द नाही कळायचे, मग आम्ही विचारायचो आणि तो सगळं सांगायचा. तू कोणाशी भांडलीस, तुझी टीम कधी हरली, पाय मोडला तेव्हा तो इथे होता आणि तुला बघायला येऊ शकत नव्हता... त्या दिवशी त्याने खूप वाईट कापलं, सत्या म्हणाली. आपलाच हात कापून घेतला. ती जे बोलत होती ते मी भराभर मराठीत सांगत होतो. तेव्हा इरा रडली. शिरीष गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी लहान मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. सत्याने पाय सोडला नाही.

गावासमोरच्या नदीत अस्थी सोडत नाहीत. ते पाणी गाव पितं. खाली, जिथे ही नदी मोठ्या नदीला मिळते, तिथे बनालीची सगळी माणसं जातात. आम्हीही तिथेच गेलो, इरा, मेहरचंद आणि मी. डबा आलटूनपालटून त्या दोघांनी नेला, मला कोणी दिला नाही आणि मी मागितला नाही. इराने अस्थी पाण्यात सोडल्या. पाणी इतकं जोरात होतं की बघायलाही काही उरलं नाही. एका क्षणी हातात होतं, दुसऱ्या क्षणी नुसती नदी.

जत्रेच्या दिवशी सगळं गाव नवे कपडे घालून निघालं. आम्ही अंगणाच्या आत उभे. ढोल, करनाळ म्हणजे लांबलचक कर्णे, झेंडूच्या माळा, आणि चांदीच्या मुखवट्यांची पालखी डुलत डुलत वर येत होती. मेहरचंदच्या जागी दुसरा, तरुण खांदा. पालखी घरासमोर आली तेव्हा मेहरचंदने लांबूनच हात जोडले, आणि मी पाहिलं, ढोलाच्या ठेक्यावर त्याचा उजवा खांदा आपोआप वरखाली होत होता. इरानेही ते पाहिलं. "काका, विचार ना त्यांना, दे आर नॉट रेजिंग विथ अस?" मी विचारलं, रागावलात का आमच्यावर. मेहरचंदने पालखी वळणाआड जाईपर्यंत हात जोडलेलेच ठेवले. मग म्हणाला, "पालकी अगले बरस फिर उठ जाएगी। डॉक्टर को तो एक ही बार ले जाना था।"

सुतक फिटलं, आणि निघायच्या दिवशी सकाळी शेगडी पुन्हा पेटली होती. सत्याने माझं पान आधी वाढलं, तुपाची वाटी वेगळी, आणि मी जेवेपर्यंत बाकी कोणी बसलं नाही. इरा लाकडं आत आणत होती. तिला सगळ्यांच्या मागून, सत्याबरोबरच मिळालं. मग मला कपाळाला टिळा लागला, टोपी मिळाली, अक्रोडांची पिशवी मिळाली, दोघं नवराबायको मला पुलापर्यंत सोडायला आले, आणि पुन्हा या, आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर मनात ठेवू नका, असं रीतसर सांगितलं. इराला यातलं काहीच नाही. ना टिळा, ना निरोप. जीप सुरू झाली तेव्हा सत्याने खिडकीतून आत वाकून तिला एवढंच सांगितलं, आणि मी ते तिला मराठीत सांगितलं: गवत कापायला ये, येताना जुने कपडे आण, नवे फाटतात.

"ग्रँड," इरा म्हणाली.